डेक चॉकलेटी का दिसतोय? आधी चाळीस पावलं मागे जा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. शिडाच्या युद्धजहाजाचं १/१०० मापाचं, म्हणजे खऱ्याच्या शंभरावा भाग असलेलं मॉडेल, डेकला आधी रेड ब्राऊन, त्यावर काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), शेवटी बेज रंगाचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर घासलेला रंग), आणि तुमच्याच शब्दांत 'लाकूड सोडून सगळं वाटतंय, चॉकलेटची लादी झालीय.' तुमचा हात चांगला आहे, कडा स्वच्छ आल्यात. गडबड पहिल्या कोटालाच झाली.

एक हिशेब करा. १/१०० चं मॉडेल आपण हातात धरून ३० सेंटीमीटरवरून बघतो, म्हणजे खरं जहाज ३० मीटरवरून बघतो. येत्या रविवारी सकाळी ससून डॉकला नाहीतर भाऊच्या धक्क्यावर जा आणि नांगरलेल्या एखाद्या लाकडी होडीपासून ३० मीटर, साधारण चाळीस पावलं, मागे उभे राहा. लाकडाच्या रेषा दिसणार नाहीत, गाठी दिसणार नाहीत. दिसतं ते एवढंच: एका फळीची छटा शेजारच्या फळीपेक्षा किंचित वेगळी, सांध्यांची पुसट रेघ, जिथे रोज जाळी आणि टोपल्या घासतात तिथला फिका पट्टा, आणि लोखंडी कड्यांखाली ओघळलेला गंज. तुम्हाला डेकवर हेच उतरवायचंय. बारीक ब्रशने फळीफळीवर रेषा ओढत बसण्यात मी दोन मॉडेलं आणि कित्येक रात्री घालवल्या, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

दुसरं म्हणजे, बाटली उघडण्याआधी लाकूड कोणतं आणि कुठल्या अवस्थेतलं ते ठरवा. आपण मुंबईकरांनी तरी सागवान नीट रंगवायला शिकावं असं मला मनापासून वाटतं. १८१७ साली ट्रिंकोमली नावाची युद्धनौका इथल्याच गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली, मलबारी सागवानात बांधली गेली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे, अजूनही पाण्यावर. नुकताच रंधा मारलेला साग मधासारखा सोनेरी असतो. पण उन्हात लाकडाचे तंतू घट्ट धरणारं लिग्निन वरच्या थरात तुटत जातं, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे राहतो तो रुपेरी करडा रंग. त्यातून युद्धनौकांचे डेक खलाशी दगडाने घासून काढत, त्यामुळे ते आणखी फिके पडत. म्हणजे तुमचा डेक मारी बिस्किटापेक्षा गडद नको. तपकिरीपासून सुरुवात केली की वर कितीही बेज घासा, खालचा तपकिरी डोकं वर काढतोच. लाकूड फिक्याकडून गडदाकडे न्यायचं, पातळ पातळ थरांनी.

आता प्रत्यक्ष काम. जुना रंग काढायची गरज नाही. ८०० च्या पॉलिश पेपरने हलकं घासा, पुन्हा प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा अस्तराचा हात, मारा. बेस कोटला, म्हणजे रंगाच्या पहिल्या थराला, तामिया कंपनीचा एक्सएफ-७८, म्हणजे वुडन डेक टॅन, किंवा एक्सएफ-५७ बफ. हे हाताशी नसतील तर साधे ॲक्रिलिक रंग घ्या: पांढरा, त्यात यलो ऑकर आणि सुईच्या टोकाइतका रॉ अंबर. हा कोट पूर्ण वाळू द्या.

मग छटा. २० सेंटीमीटर रुंदीची खरी फळी या मापात २ मिलिमीटर होते, म्हणजे ० नंबरच्या ब्रशने आरामात भरता येते. बेसच्याच रंगाचे तीन चुलतभाऊ बनवा: एकात थोडा पांढरा, एकात थोडा करडा, एकात थोडा ऑकर. चहाच्या पाण्याइतके पातळ करा आणि मधूनमधून एकेक फळी भरत जा. निम्म्या फळ्या बेसच्याच राहू द्या. एकसारख्या दोन फळ्या ओळीने आल्या तरी चालतील, पण एक आड एक असा ठरावीक क्रम अजिबात नको, लगेच फरशी वाटते. हात लांब करून पाहिल्यावर फरक जेमतेम जाणवला की थांबा. या टप्प्यावर घाई करू नका, सगळी जादू इथेच आहे.

यानंतर ऑइल पेंट. कॅमलच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर आणि रॉ अंबर पुरे. पुठ्ठ्यावर थोडा काढून दोनेक तास ठेवा, म्हणजे जास्तीचं जवसाचं तेल पुठ्ठा पिऊन टाकतो. मग चपटा, जरा झिजलेला ब्रश रंगात टेकवा, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि फळीच्या लांबीत एकाच दिशेने ओढा. जास्त झालं तर टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या ब्रशने परत ओढून घ्या. खालचा ॲक्रिलिक पक्का वाळलेला असेल तर त्याला काही होत नाही. अंबरच घ्या, असं मी म्हणतो त्याला कारण आहे. त्यात मुळातच मँगनीज असतं, त्याने तेल लवकर वाळतं. काळा ऑइल पेंट मात्र चिकट राहतो तो राहतोच.

सांध्यांना निव्वळ काळा लावू नका. खऱ्या जहाजात त्या फटीत दोराचा काथ्या ठोकून वर डांबर ओततात, पण ३० मीटरवरून ते काळं दिसत नाही. रॉ अंबरमध्ये करडा मिसळा, पातळ करा आणि फक्त खाचेत सोडा. तुमच्या फोटोत डेक आखलेल्या वहीसारखा दिसतोय तो या काळ्या रेघांमुळे.

कठड्यांचं गणित वेगळं. गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीत जिना चढताना सागवानी कठडा बघा. वरची बाजू शंभर वर्षांच्या हातांच्या तेलाने गडद आणि गुळगुळीत झालेली असते, खालची बाजू धुळकट आणि कोरडी. पायरी मधोमध झिजून फिकी, भिंतीकडच्या कोपऱ्यात काळपट. जहाजाच्या कठड्याला आणि शिडीलाही हेच करा: वरच्या बाजूला सॅटिन, म्हणजे किंचित चमकणाऱ्या वार्निशचा एक हात, बाकी सगळं मॅट, बिनचमकीचं. हा एवढासा फरक केला की माणसं तिथे वावरलीत असं वाटायला लागतं.

तुम्ही शेवटी पहिल्या महायुद्धातल्या विमानाच्या लाकडी पंख्याबद्दलही (प्रोपेलर) विचारलंय. १/३२ मध्ये तो ३० सेंटीमीटरवरून बघताना आपण जेमतेम १० मीटरवर असतो आणि लाकूड पॉलिश केलेलं असतं, तेव्हा तिथे लाकडाचे एकावर एक चिकटवलेले थर दिसायलाच हवेत. फिका बेस, मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या, वर ऑइल, आणि वाळल्यावर तामियाच्या क्लिअर ऑरेंजचा अगदी पातळ कोट. पॉलिशची ऊब त्यानेच येते.

राहिला पावसाळा. तुम्ही जुलैत हे करताय म्हणून सांगतो. एका ऑगस्टमध्ये मी भर पावसात मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि तीन आठवड्यांचं काम डोळ्यांदेखत दुधाळ पांढरं झालं. दमट हवेत स्प्रेमधला द्रावक (सॉल्व्हंट) झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ थरात अडकते. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी वार्निश ब्रशनेच लावतो, तेही उघडीप असेल त्या दुपारी. ऑइलचा थर एरवी तीन-चार दिवसांत वाळतो, पावसाळ्यात आठ-दहा दिवस धरा. मॉडेल झाकण असलेल्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, म्हणजे धूळही बसत नाही.

हे सगळं आधी किटमधल्या उरलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर करून बघा. त्याचा फोटो काढाल तेव्हा खिडकीशी दिवसाच्या उजेडात काढा, घरातल्या दिव्याखाली पिवळ्या-करड्या छटा फसवतात. फोटो इथे टाका, मग अंबर किती वाढवायचा ते बघून सांगतो.