सोशल मीडिया फुकट आहे, मग अमेरिकेतली राज्यं त्यावर ग्राहक संरक्षण कायद्याखाली दावे कसे ठोकतात?

अगदी हाच प्रश्न आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर निघाला होता. मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. मेटा (फेसबुक, इन्स्टाग्रामची कंपनी) आणि टिकटॉक मुलांच्या बाबतीत लोकांची दिशाभूल करतात, असा दावा दोघांवरही ठोकणाऱ्या राज्यांत आमचं राज्य आहे. नवरा म्हणाला, "एक डॉलर मोजला नाही, ग्राहक कसले आपण?"

पैसे मोजले की नाही, यावर हे दावे अडत नाहीत. धंदा करताना लोकांची दिशाभूल करू नका, एवढंच हे राज्यांचे कायदे म्हणतात. कंपनी कमावते जाहिरातींवर, म्हणजे आपल्या वेळेवर. डब्यावर 'शुद्ध तूप' लिहून आत डालडा भरला, तर डबा फुकट वाटला म्हणून लबाडी माफ होते का?

शिवाय मुलांनी काय पाहिलं यावर भांडून फार काही हाती लागत नाही. १९९६ च्या कायद्याचं कलम २३० आडवं येतं: लोकांनी टाकलेल्या मजकुराला कंपनी जबाबदार नाही. म्हणून राज्यांनी रोख वळवला तो ॲपच्या रचनेवर, आणि कंपनी पालकांना सांगते एक नि आत तिला ठाऊक असतं दुसरंच, यावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये ३३ राज्यं मिळून मेटाविरुद्ध कॅलिफोर्नियातल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात गेली. वर्षभरानं १३ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी यांनी टिकटॉकला आपापल्या कोर्टात खेचलं.

त्यातल्या केंटकीच्या दाव्यात गंमत झाली. गोपनीय मजकुरावर काळे पट्टे मारले होते, पण तो कॉपी-पेस्ट केला की सरळ वाचता येत होता. तिथल्या सार्वजनिक रेडिओच्या पत्रकारांनी तो वाचला. टिकटॉकनं किशोरवयीन मुलांसाठी ६० मिनिटांची मर्यादा आणली, तिचा गाजावाजा केला. कंपनीच्याच चाचणीत वापर किती घटला? रोजच्या सुमारे १०८.५ मिनिटांवरून १०७ वर! आणि ही सोय यशस्वी झाली का, हे मोजायचं एक माप होतं बातम्यांमुळे लोकांचा टिकटॉकवरचा विश्वास किती वाढला ते. माझ्या मते सगळा दावा या दीड मिनिटात आहे. (निवडक वाक्यं संदर्भ सोडून उचलली, असं कंपनीचं म्हणणं. मेटालाही आरोप मान्य नाहीत.)

मर्यादा संपली की मुलांनी पासकोड टाकायचा आणि पुढं बघत बसायचं. माझ्या मुलीच्या फोनवर एका ॲपची अशीच मर्यादा मी मोठ्या समाधानानं लावून दिली होती. पासकोड तिला पाठ आहे, हे दोन महिन्यांनी कळलं.

दावा लावतो राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य सरकारी वकील. बहुतेक राज्यांत तो निवडून येतो, आमच्याकडे गव्हर्नर नेमतो. दंड होतो तो प्रत्येक उल्लंघनामागे. कॅलिफोर्नियात एकेका उल्लंघनाला २,५०० डॉलरपर्यंत. लाखो मुलांचा हिशोब मांडला की कंपन्यांना घाम का फुटतो ते कळेल. पण हा दंड जातो सरकारकडे. ज्यांच्या मुलांचं नुकसान झालं, त्या कुटुंबांचे दावे वेगळे चालतात. आपल्या घरी चेक येणार नाही, हे नवऱ्याला आधीच सांगून ठेवलंय.