कॅन्डिडेट, कंदील आणि हरिश्चंद्रातला श

प्रश्न असा आहे: "'कॅन्डिडेट' हा शब्द 'कॅन्डिड' म्हणजे निष्कपट यावरून आला. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस चारित्र्य स्वच्छ असल्याची खूण म्हणून पांढरे कपडे घालायचा आणि आपल्या पुढाऱ्यांचा पांढरा पोशाख त्याच परंपरेतला, असे वाचले. खरे आहे का? आणि मराठीत कँडिडेट लिहावे की कॅन्डिडेट?"

खरे नाही. निवडणूक लागली की ही सुविचारवजा व्युत्पत्ती दर वेळी नव्याने उगवते, व्यासपीठावरून ऐकवली जाते आणि श्रोते माना डोलावतात. पुढाऱ्यांच्या पांढऱ्या कपड्यांचा उगम खादीत आहे, तो रोमच्या टायबर नदीकाठी शोधायला नको. खादी सुती, तर टोगा, म्हणजे रोमन नागरिक अंगाभोवती गुंडाळत ते वस्त्र, लोकरीचा. एवढ्यावर तो भाग संपला.

आता शब्द. लॅटिनमध्ये पांढऱ्याला दोन शब्द आहेत. 'आल्बुस' म्हणजे नुसता पांढरा, कधीकधी पांढराफटक. 'कांदिदुस' म्हणजे लख्ख, झळझळीत, ज्यावरून उजेड परततो असा. हा भेद मी पदरचा सांगत नाही. रोमन कवी व्हर्जिलचा टीकाकार सर्व्हियस तो स्पष्ट करतो: कांदिदुस म्हणजे चकाकत्या प्रकाशाने न्हालेला, आल्बुस म्हणजे निस्तेजपणाच्या जवळ जाणारा. 'कांदिदातुस' या शब्दातला '-आतुस' हा 'ते अंगावर असलेला' या अर्थाचा प्रत्यय आहे. टोगा घातलेला तो 'तोगातुस', दाढी असलेला तो 'बार्बातुस', तसा लख्ख टोगा घातलेला तो 'कांदिदातुस'. शब्दात कपडा आहे, चारित्र्य नाही. कांदिदुसला 'निर्मळ मनाचा' हा लाक्षणिक अर्थ लॅटिनमध्येही होता आणि इंग्रजी 'कॅन्डिड' त्यातूनच आला, हे मान्य. पण म्हणजे दोघे चुलत भाऊ ठरतात, बापलेक नव्हे.

मुळात हा लख्खपणा लागायचा कशाला? कारण पांढरा टोगा सगळेच घालत. प्रौढ नागरिकाचा साधा टोगा न रंगवलेल्या लोकरीचा, म्हणजे दुधाळ-पिवळसर असे. सभेच्या चौकात शेकडो दुधाळ टोग्यांत आपण लांबून दिसावे, म्हणून इच्छुक माणूस परटाकडून तो आणखी उजळून घेई. मतदारांना पटवण्याची ही युक्ती इतकी जुनी, की रोमन इतिहासकार लिव्हीच्या म्हणण्याप्रमाणे इ.स.पू. ४३२ मध्ये निवडणुकीसाठी कपड्याला पांढरेपणा लावू नये असा कायदाच पुढे आला. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तेव्हा त्यावरून पॅट्रिशियन (उमराव घराणी) आणि प्लेबियन (सामान्य नागरिक) यांच्यात मोठी झुंज झाली, असेही तो सांगतो. कायदा टिकला नाही हे उघड आहे, नाहीतर शब्दच टिकला नसता.

इथे माझे एक आवडते मत. लिव्ही कायद्यात 'आल्बुम' लावू नये म्हणतो, 'कांदिदुम' म्हणत नाही. पुष्कळांना ही दोन शब्दांची सरमिसळ वाटते. मला ती वाटत नाही. लावायची वस्तू ती आल्बुम, म्हणजे पांढरी माती. लावल्यावर जे साधते ते कांदिदुम. भिंतीला चुना देणाऱ्या रंगाऱ्याला ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात 'देआल्बातोर' म्हणत, तिथेही आल्बुस. चुना दिलेली भिंत पांढरी होते, लख्ख होत नाही. आणि ग्रीक इतिहासकार पॉलिबियस तरुण स्किपिओ निवडणुकीसाठी जो टोगा घालतो त्याला 'लाम्प्रा' म्हणतो. लाम्प्रोस म्हणजे चकाकणारा. पांढऱ्याला ग्रीकमध्ये 'लेउकोस' हा साधा शब्द हाताशी असताना त्याने चकाकणारा निवडला. तेव्हा कोशात 'कॅन्डिडेट: पांढरे वस्त्र नेसलेला' एवढेच लिहून थांबणाऱ्यांनी अर्धे काम केले आहे.

लोकर चकाकवायची कशी, ते पाहण्यासारखे आहे. हे काम 'फुल्लो'चे, म्हणजे परटाचे. लोकर मुळात ओशट. तो ओशटपणा काढायला साबण नव्हता, शिळे मूत्र होते. ताजे चालत नाही. काही दिवस ठेवल्यावर त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबीला धरून तिचा साबणासारखा पदार्थ करतो. पाण्यात ते मिसळून उथळ टाक्यात कपडा घालायचा आणि दोन्ही बाजूंच्या बुटक्या भिंतींवर हात टेकून पायांनी तुडवायचा. रोमन तत्त्वज्ञ सेनेका व्यायामातल्या एका उडीला चिडवून 'परटाची उडी' म्हणतो ती हीच. जास्त तुडवले तर लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून कपडा नमद्यासारखा घट्ट होतो आणि आटतो. कमी तुडवले तर ओशटपणा राहतो आणि पुढे लावलेली माती डागाडागांनी बसते. मग खळखळून धुणे. पाँपेईत स्टेफानुसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीटखान्यात मागच्या बाजूला एकमेकांना जोडलेली तीन मोठी टाकी आहेत, ती या धुण्यासाठी.

मूत्राचा विषय निघाला की सम्राट व्हेस्पासियनने मूत्रावर बसवलेला कर आणि 'वास येतो का?' म्हणून मुलाच्या नाकाला लावलेले नाणे ही गोष्ट येतेच. ती सर्वांना पाठ आहे, पुढे जाऊ.

धुतल्यावर माती. इंग्रजीत जिला 'फुलर्स अर्थ' म्हणतात ती आपली मुलतानी माती, आणि त्या इंग्रजी नावातला 'फुलर' म्हणजे हाच फुल्लो. रोमन लेखक प्लिनीने मातीच्या जाती आणि क्रमही दिला आहे. आधी सार्डिनियाची माती: सगळ्यांत स्वस्त, फक्त पांढऱ्या कपड्याला चालते, रंगीत कपड्याला निरुपयोगी. मग गंधकाची धुरी. मग रंगीत कपड्याला किमोलोस बेटाची माती, कारण गंधकाने मंदावलेला पक्का रंग ती पुन्हा उजळवते. कच्चा रंग असेल तर तो गंधकातच काळा पडून उघडा पडतो. पांढऱ्या कपड्याला मात्र गंधकानंतर 'साक्सुम' नावाची माती बरी, आणि तीच रंगीत कपड्याची शत्रू. साक्सुम भिजवली की फुगते, म्हणून ती वजनावर विकत आणि बाकीच्या मापावर. परटांच्या कामाच्या या क्रमासाठी 'मेतिलिया' नावाचा कायदाही होता, इ.स.पू. २२० च्या सेन्सरांच्या, म्हणजे जनगणना आणि नीती पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, काळातला. कपडे धुण्याला कायदा करणारे लोक, हे लक्षात ठेवा.

गंधकाची धुरी द्यायला वेताचा पिंजरा असे, अर्धगोल, कोंबड्या झाकायच्या डालग्यासारखा. त्यावर ओला कपडा पसरायचा, आत गंधक जाळायचा. कपडा ओला हवाच, कोरड्यावर धूर काम करत नाही. पण प्रमाण चुकले तर त्या ओल्यातच आम्ल तयार होऊन धागा कमकुवत होतो. नेपल्सच्या संग्रहालयात पाँपेईच्या एका परीटखान्यातला रंगवलेला खांब आहे. त्यावर एक माणूस असा पिंजरा डोक्यावर घेऊन चालला आहे, हातात गंधकाची बादली, आणि पिंजऱ्यावर बसले आहे घुबड. घुबड मिनर्व्हा देवीचे, आणि मिनर्व्हा परटांची देवी. रोमन कथाकार अपुलेयसच्या एका गोष्टीत परटीण आपल्या याराला अशाच पिंजऱ्याखाली लपवते आणि गंधकाने त्याला शिंका येऊन बिंग फुटते. पिंजरा माणूस मावेल एवढा असे याचा याहून चांगला पुरावा नको.

गंधकाने आलेला उजळपणा टिकाऊ नाही, ऊन आणि धुण्याने लोकर पुन्हा पिवळी पडते. आपल्याकडे नीळ जे काम करते, ते तिथे शेवटी चोळलेली बारीक पांढरी माती करी. मग स्क्रूच्या दाबयंत्रात घडी. बादशाही काळातला टोगा साडेपाच-सहा मीटर लांब, अर्धवर्तुळाकार. चालता-बोलता घासला की माती झडणार, म्हणजे पुन्हा परीट. चौकात महिनोन्‌महिने हात मिळवत फिरणाऱ्याला हा खर्च चुकत नसे. रोमन वक्ता आणि पुढारी सिसेरोने इ.स.पू. ६५ च्या जुलैत पत्रात लिहून ठेवले आहे की आपण १७ तारखेपासून लोकांचे हात धरायला सुरुवात करणार. त्याची निवडणूक होती पुढच्या वर्षी.

उमेदवार टोग्याच्या आत सदरा घालत नसत असे ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो. एका ठिकाणी तो विचारतो, घोळात लाचेचे पैसे लपवू नयेत म्हणून का? दुसरीकडे जुन्या रोमन सेनानी कोरिओलानुसच्या चरित्रात म्हणतो, छे, लाच त्या काळी आलीच नव्हती, हे नम्रता दाखवायला आणि जखमांचे वण दिसावेत म्हणून. प्लूटार्कला 'प्रमाण' मानून उद्धृत करणाऱ्यांनी कोणता प्लूटार्क ते आधी ठरवावे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते. कांदिदुस ज्या 'कांदेरे' (चमकणे) धातूपासून आला, त्याचा संस्कृतातला जोडीदार आहे 'चन्द्र'. होय, आपला चंद्र. वेदात हा शब्द आधी विशेषण आहे: चमकणारा. आकाशातल्या गोलाचे नाव 'चन्द्रमस्', त्यातला 'मस्' म्हणजे महिना मोजणारा. क आणि च यांचे हे नाते एकटेदुकटे नाही. लॅटिन 'क्वात्तुओर', आपले चत्वार. लॅटिन 'क्विंक्वे', आपले पंच. शब्दाच्या शेपटीला लागणारे लॅटिन 'क्वे', आपला समुच्चयाचा च. लॅटिन आणि संस्कृत ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यात क-वर्गातल्या ध्वनीनंतर ए किंवा इ असेल तर संस्कृतात त्याचा च होतो, लॅटिनमध्ये होत नाही.

पण चंद्राचे मूळ रूप नुसत्या क ने सुरू होत नव्हते, आधी स् होता: स्केन्द्. लॅटिनने तो स् टाकला. संस्कृतानेही सुट्या शब्दात टाकला, पण समासात तो श् होऊन चिकटून राहिला. कुठे? हरिश्चंद्रात! हरि अधिक चंद्र, मग हा श् आला कुठून, हे कधी मनात आले का? पुरुश्चन्द्र, सुश्चन्द्र हे वैदिक शब्दही तसेच. ऋग्वेदात (९.६६.२६) सोमाला 'हरिश्चन्द्र' म्हटले आहे, म्हणजे सोनपिवळा झळाळणारा. सत्यवादी राजा नंतरचा, हरिश्चंद्रगड त्याहून नंतरचा.

व्याकरणाचे पंडित इथे पाणिनी पुढे करतात: 'ह्रस्वाच्चन्द्रोत्तरपदे मन्त्रे' (६.१.१५१), आणि राजर्षीच्या नावासाठी वेगळे 'प्रस्कण्वहरिश्चन्द्रावृषी' (६.१.१५३). म्हणजे मंत्रात ऱ्हस्व स्वरापुढे चन्द्र आला की मध्ये स् चा आगम (व्याकरणात 'सुट्') होतो, त्याचा श् होतो. बरोबर. पण आगम हे वर्णन झाले, कारण नव्हे. पाणिनीने जे ऐकले ते नेमके नोंदवले. जो वर्ण 'आला' असे सूत्र म्हणते तो खरे तर गेलाच नव्हता. 'सुट् आगम' एवढे उच्चारून चर्चा मिटवणाऱ्यांना लॅटिनची एक पाटी वाचायला द्यावी. आणि उलट टोकाच्या उत्साही मंडळींनी चंदनाला या कुटुंबात कोंबू नये. तो शब्द द्राविडी असल्याचे मत वजनदार आहे, आणि सुगंधाला झळाळी लागत नाही. चांदी, चांदणे, चांदवा, चंदेरी हे मात्र हक्काचे वारस. चंद्रकळाही, ती साडी काळी असली तरी.

याच कांदेरेची लेक 'कांदेला', म्हणजे चरबीची किंवा मेणाची वात. तेलाच्या दिव्याची ही गरीब बहीण. ती ग्रीकमध्ये 'कांदेला' म्हणूनच गेली, अरबीत 'किंदील' झाली आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे कंदील होऊन आली. दिवाळीत आकाशकंदील टांगताना वर आकाशात चंद्र नसतो, पण दोरीला टांगलेला त्याचा चुलतभाऊ असतो. इंग्रजी कॅन्डल तीच. पाँपेईत निवडणुकीच्या जाहिराती रात्री भिंतीवर रंगवत. तिथे एके ठिकाणी कंदीलवाल्याला 'शिडी धर' असे बजावलेले अजून वाचता येते. परटांनी मिळून 'आम्ही सगळे परीट याला निवडून द्या म्हणतो' असे लिहिलेलीही जाहिरात आहे. साहजिकच, उमेदवार म्हणजे गिऱ्हाईक.

उमेदवार हा मराठीने फारसीकडून घेतलेला शब्द, म्हणजे उमेद, आशा बाळगणारा. जुन्या मराठीत नोकरी मिळेल या आशेवर बिनपगारी राबणारा तो उमेदवार, 'उमेदवारी करणे' त्यातूनच. रोमन माणूस कपड्यावरून ओळखला गेला, आपला आशेवरून. बादशाहीत तर 'सीझरचा कांदिदातुस' अशी जात निघाली, बादशहाने शिफारस केलेला, हरण्याची भीतीच नसलेला. त्याला उमेदवार म्हणणे कठीण.

लिहिण्याचे राहिलेच. कॅन्डिडेट लिहा. 'कँ' वर चंद्रबिंदू टंकला काय किंवा अर्धचंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे टंकले काय, कागदावर सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरे वाटतात आणि शोधताना अर्धे उल्लेख सापडत नाहीत. जोडाक्षराने तो घोळ टळतो. कसेही लिहिले तरी क च्या डोक्यावर चंद्र राहतोच. निकालानंतर पुष्कळांना तो मानेवरही मिळतो.