मुलांना अस्वस्थ करणारे विषय शिक्षकांनी वर्गात घ्यावेत का?

घ्यावेतच की, पण कसं घेता त्यावर सगळं आहे बघा. आमच्या बेळगाव-निपाणी भागात मराठी नि कन्नड घरातली पोरं शेजारी-शेजारी राहतात आणि १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन हे दोन्ही घरांत वेगवेगळं ऐकलेलं असतं, सरांनी टाळलं तर व्हॉट्सअ‍ॅपवरून शिकणार ना (शिकतातच म्हणा).

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळं गोणपाटावर बसावं लागायचं हे शिकवताना अख्खा वर्ग मान वळवून एकाच पोराकडं बघतो, त्यात सरांनी त्यालाच उभं करून "तुला काय वाटतं" विचारणं म्हणजे कहरच! बोलायचं की नाही ते त्याचं त्याला ठरवू दे. आणि असला विषय तासाच्या शेवटी काढू नका, बेल होते नि प्रश्न तसेच राहतात.