गोव्यात राहायला यायचंय? मग जूनमध्ये या

या महिन्यात आलेल्या पत्रांत तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली, चाळिशी-पन्नाशीत गोव्यात राहायला येण्याबद्दलची. मी फोंड्यालाच राहते म्हणून संपादकांनी तिन्ही माझ्याकडे पाठवली. पत्रं थोडी छोटी केलीयेत आणि नावं गाळलीयेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला असते, वय ४९, खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. मिस्टर तीन वर्षांपूर्वी गेले, मुलगी नोकरीसाठी बंगळूरला आणि आता ती तिथलीच होणार असं दिसतंय. घर खायला उठतं हो. तीच लोकल, तीच माणसं, आणि सोसायटीत जो तो माझ्याकडे बिचारी म्हणून बघतो. आम्ही दोघं डिसेंबरात गोव्याला जायचो, तिथे मला फार मोकळं वाटायचं. आता वाटतं फ्लॅट विकून गोव्यात छोटंसं घर घ्यावं आणि नव्याने सुरुवात करावी. भाऊ म्हणतो डोकं फिरलंय तुझं, या वयात कोणी गाव बदलतं का. नोकरी मिळेल का, बाईमाणसाने एकटीने राहणं सेफ आहे का, कोकणी येत नाही त्याचं काय? माझं चुकतंय का?

उत्तर : तुमचं काहीही चुकत नाहीये, हे आधी सांगते. अजून दहा-बारा वर्षं कामाची आहेत आणि त्यापुढची निवांतपणाची, ती कुठे काढायची हे ठरवायचा हक्क तुमचाच. सोसायटीतल्या नजरांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय पण मला वाटतं सगळ्या पत्रातली खरी गोष्ट तीच आहे. जिथे सगळे तुम्हाला जोडीने ओळखत होते तिथे एकटीने वावरणं माणसाला फार दमवतं, आणि जिथे कोणाला काही माहीतच नाही तिथे निदान श्वास घ्यायला जागा मिळते. गाव बदलायला एवढं कारण पुरे आहे, भावाला दुसरं काही पटवून द्यायच्या भानगडीत पडू नका.

पण तुम्हाला माहीत असलेला गोवा डिसेंबरचा आहे आणि तो दोघांचा आहे. तुम्ही एकटीने त्याच कळंगुट-बागा पट्ट्यात राहायला गेलात तर मोकळं वाटायचं राहील बाजूला, पावलापावलावर त्यांची आठवण येईल. म्हणून मी म्हणते या, नक्की या, पण जूनमध्ये या आणि किनाऱ्यापासून लांब या.

जूनमध्ये इथे काय असतं ते ऐका. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी कमी आणि महाग, मग घरोघरी सुक्या मासळीच्या बरण्या उघडतात. किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या झोपड्या, काढून ठेवलेले. लाईट कधीही जाते. आणि दमटपणा तर असा की आठवडाभर कपाट उघडलं नाही तर चामड्याच्या पर्सवर पांढरट-हिरवी बुरशी धरते, चपलेत अंगठ्याच्या जागी धरते, बेल्टच्या आतल्या बाजूला धरते, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, जाड चादर तीन दिवस दोरीवर राहिली तरी हाताला ओलसरच लागते आणि तिला कुबट वास येतो. इथली माणसं कपाटात बारीक बल्ब लावून ठेवतात, कपडे इस्त्री करूनच आत टाकतात, आणि पावसाळ्याची बेगमी, त्याला इथे पुरुमेंत म्हणतात, ती मे महिन्यातच करून ठेवतात, मिरच्या, कोकम, सुकी मासळी सगळं. संध्याकाळी सात-साडेसातला गाव सामसूम. मनात जे काही साचलेलं असेल ते या चार महिन्यांत वर येतं. पण याच दिवसांत शेजारीण छत्री घेऊन दारात उभी राहते आणि "जेवण जालें?" विचारते, डिसेंबरात तिला तुमच्याकडे बघायलाही वेळ नसतो. एक अख्खा पावसाळा काढा, मग चतुर्थी झाली की स्वतःलाच विचारा राहायचं का. तेव्हा जे उत्तर येईल ते खरं.

त्यासाठी फ्लॅट विकायची काहीही गरज नाही. तो भाड्याने द्या, त्या भाड्यात इथलं भाडं भागवा, अकरा महिन्यांचं अग्रीमेंट करा आणि पोलीस स्टेशनात भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म मालकाने भरलाय ना ते बघा. किनाऱ्याजवळ घर बघितलंत तर एक धोका असतो, पावसाळ्यात स्वस्तात देतात आणि सीझन सुरू व्हायच्या सुमाराला रिकामं करा म्हणतात, कारण टुरिस्ट दिवसाला जे देतो ते तुम्ही कसं देणार. फोंडा, म्हापसा, पणजी, डिचोली इथे ही कटकट कमी. माझं मत विचाराल तर मराठी बाईला फोंडा सगळ्यात जवळचं वाटेल. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, नागेशी, रामनाथी सगळं तालुक्यातच, राजीव गांधी कला मंदिरात मराठी नाट्यस्पर्धेची नाटकं होतात, आणि गावोगावच्या जत्रांना गावातलीच माणसं मराठी नाटक बसवतात, पहाटेपर्यंत चालतं, शेतकरी, मास्तर, बसचा ड्रायव्हर सगळे तोंडाला रंग लावून उभे असतात. तुम्हाला गाणं-बजावणं, शिवणकाम, हिशेब यातलं काहीही येत असेल तर अशा मंडळात माणूस हवंच असतं.

नोकरीचं म्हणाल तर सरकारी नोकरी डोक्यातून काढून टाका, त्याला १५ वर्षं वास्तव्याचा दाखला लागतो आणि कोकणी यावी लागते. पण अकाउंट्सवाल्यांना काम आहे. वेर्णा, कुंडई, बेतोडा, थिवी इथल्या औद्योगिक वसाहती, पणजी-मडगाव-फोंड्यातली सीएंची ऑफिसं, हॉटेलं, सगळ्यांना टॅली आणि जीएसटी येणारं माणूस लागतं. पगार मुंबईसारखा मिळणार नाही, कमीच धरून चला. येण्याआधी एखादी नोकरी फोनवर नक्की करता आली तर करा, किंवा आताच्या कंपनीला विचारा घरून काम देतील का, एवढ्या वर्षांच्या माणसाला सहसा एकदम नाही म्हणत नाहीत.

दवाखान्याचं आताच सांगून ठेवते कारण पन्नाशीला हे लागतंच. बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, मोठं आणि चांगलं हॉस्पिटल आहे पण २०१८ पासून गोव्याबाहेरच्या पेशंटला तिथे पैसे भरावे लागतात, आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड पाच वर्षं इथे राहिल्यावरच मिळतं. त्यामुळे तुमची आत्ताची मेडिक्लेम पॉलिसी काहीही झालं तरी बंद पडू देऊ नका.

सेफ्टीचा प्रश्न रास्त आहे. मालक खालच्या मजल्यावर राहतात अशा घरात वरची खोली किंवा छोटा फ्लॅट बघा. रात्री आठनंतर बस जवळजवळ संपतात, सरकारी कदंब असो की प्रायव्हेट, त्यामुळे स्कूटर चालवता येत नसेल तर डोंबिवलीतच शिकून या, इथे स्कूटरशिवाय बाई दुसऱ्यावर अवलंबून राहते आणि तुम्हाला तेच तर नकोय. महाराष्ट्रातली गाडी आणलीत तर बारा महिन्यांवर ती तशीच चालवता येत नाही, गोव्याचं रजिस्ट्रेशन करावं लागतं.

आता भाषा. मराठी बहुतेकांना समजते, फोंडा-डिचोली-पेडणे भागात तर घरात मराठी पेपरच येतो. कायद्याने राजभाषा देवनागरीतली कोकणी, १९८७ पासून, आणि सरकारी कामात मराठीलाही जागा आहे. पण एक विनंती करते, कोणाच्या ओसरीवर बसून कोकणी ही मराठीचीच बोली असं म्हणू नका. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या १९६७ च्या जनमत कौलापासून ते राजभाषेच्या आंदोलनापर्यंत या प्रश्नावर इथली घरंच्या घरं दुखावली गेलीयेत. तुम्ही मोडकीतोडकी का होईना कोकणी बोलायला लागा, बाजारात, बसमध्ये, कोणी हसलं तर हसू दे, पुढच्या वेळी तीच बाई तुम्हाला चांगले बांगडे काढून देईल.

आणि मुलीला आधी सांगा, भावाला नंतर. ती बंगळूरला बसून आईच्या काळजीत असणार, तिला या बेतात घ्या, घर बघायला तिलाच बरोबर आणा.

प्रश्न : मी नाशिकचा, वय ५४, बँकेतून व्हीआरएस घेतली. बार्देशात एक जुनं कौलारू घर बघितलंय, पोर्तुगीज पद्धतीचं, मोठा व्हरांडा, मागे विहीर. एजंट म्हणतोय दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आठवड्यात टोकन द्या. मिसेस म्हणते तुम्ही जा, मी नाशिक सोडणार नाही. काय करू?

उत्तर : टोकन देऊ नका. आठवड्यात द्या म्हणणाऱ्याला तर मुळीच नको.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा अजून चालू आहे. लग्न झालं की वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता दोघांची समाईक होते, म्हणून विकणाऱ्याच्या बायकोची सही लागते. घर आजोबांच्या नावावर असेल तर सगळे वारस आणि त्या प्रत्येकाचा नवरा किंवा बायको यांच्या सह्या, मग त्यातला कोणी लिस्बनला असो, कोणी लंडनला, कोणी मुंबईला. एक सही राहिली तरी पुढे कोर्टात अडकता. त्या वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसा ठरवून वाटणी करायची कायदेशीर प्रक्रिया, झालीय का ते विचारा. आपल्याकडे जसा सातबारा तसा इथे एक-चौदाचा उतारा, तो काढा, त्यात कुळाचं नाव आहे का बघा. आवारात दुसरं कोणी पूर्वापार घर करून राहत असेल तर तो मुंडकार असू शकतो आणि १९७५ च्या कायद्याने त्याला हक्क आहेत, त्याला उठवता येत नाही. जागा कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची, नाही ना, सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीसाठी राखलेल्या भागात, आहे ना, हेही तपासायचं. आणि घराबरोबर भातशेतीचा तुकडा पण मिळतोय असं एजंट म्हणत असेल तर सावध व्हा, २०२३ च्या कायद्याने शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी आहे. हे सगळं इथल्याच एखाद्या जुन्या वकिलाकडून करून घ्या, एजंटने सुचवलेल्या वकिलाकडून नको.

पण कागदपत्रांच्या आधी मिसेसचं बघा. तुमची नोकरी सुटली, तुम्हाला नवीन काहीतरी हवंय, ते मी समजू शकते. त्यांचं मात्र नाशिकमध्ये काहीच सुटलेलं नाही. भिशी असेल, बहिणी असतील, सकाळी फिरायला जायच्या मैत्रिणी असतील, तीस वर्षांत जमवलेलं ते सगळं एका सहीत सोडा असं तुम्ही सांगताय, आणि पत्रात त्या नाही का म्हणतात ते तुम्ही लिहिलेलंच नाही. विचारलंत का? विचारा, आणि मध्ये न बोलता ऐका. नंतर त्या तयार असतील तर दोघांनी जून-जुलैत म्हापशाला महिनाभर भाड्याने राहा, शुक्रवारचा बाजार करा, गळकं कौलारू छप्पर म्हणजे काय ते शेजारच्यांकडून समजून घ्या, दर उन्हाळ्यात कौलं परतायला माणूस मिळवणं किती कठीण झालंय ते कळेल. त्या नाहीच म्हणाल्या तर ते घर सोडून द्या. घरं खूप मिळतील.

प्रश्न : मी ४६ वर्षांची, मूळची सांगलीची. कंपनीने मडगावला पाठवलं, मी पण हौसेने आले. वर्ष झालं तरी ऑफिस सोडून एकही ओळख नाही. रविवार तर जाता जात नाही. परत जाऊ का?

उत्तर : अजून जाऊ नका. चाळिशीनंतर ओळख आपोआप होत नाही, एकाच जागी तीच माणसं दर आठवड्याला भेटावी लागतात. तुमचे रविवार बहुतेक दारं बंद असलेल्या फ्लॅटमध्ये जातायत. मडगावला गोमंत विद्या निकेतन आहे, व्याख्यानं, गाण्याचे कार्यक्रम होतात, तिथे जायला लागा, रवींद्र भवनात काय चालू आहे ते बघा, आणि पहिल्या तीन-चार वेळा कोणी बोललं नाही तरी जाणं सोडू नका. गोव्याची माणसं पटकन घरी बोलावत नाहीत हे खरं आहे, आधी बराच काळ नुसतं बघून हसतात, पण एकदा बोलावलं की चतुर्थीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला सुद्धा हाक मारतात.

ऑफिसमधल्या ज्या बाईशी जरा जमतं तिला सरळ सांगा की मला इथे एकटं वाटतं. आपल्याकडे हे सांगायला फार संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय समोरच्याला कळत नाही, त्यांना वाटतं तुम्ही मुंबई-पुण्याकडच्या, तुमचं तुमचं चालू असेल. श्रावणात वास्कोला दामोदराचा भजनी सप्ताह असतो, चोवीस तास अखंड भजन आणि पुढे कितीतरी दिवस फेरी, म्हणजे जत्रेसारखा बाजार, तिला म्हणा मला घेऊन चल. आणि दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात म्हणून चिडचिड करू नका, त्या वेळात तुम्हीही आडव्या व्हा, सप्ताहाला रात्रभर जागायचं असतं, आणि परत यायला रात्री बस नसते म्हणून कोणाच्या गाडीत जागा आहे ते आधीच विचारून ठेवा.