वेगाचं नंतर बघू, आधी रेघ आणि मनगट

भाऊ, तुम्ही विचारलंत की सॉफ्टबॉल शिकणाऱ्या पोरीनं टाकलेला चेंडू कधी डोक्यावरून जातो, कधी पायाशी आपटतो, तर यात घाबरण्यासारखं काही नाही. सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं. मी गावातल्या पोरींना सॉफ्टबॉल शिकवते. माझं पहिलं सांगणं एकच, महिनाभर वेगाचं नाव काढू नका.

महिलांच्या सामन्यात पिचिंगचं, म्हणजे खालून हात फिरवून फलंदाजाकडे चेंडू टाकण्याचं, अंतर ४३ फूट असतं. तिला आत्ता १५-२० फुटांवरच उभं करा. समोर भिंतीला कापसाचं रिकामं पोतं टांगा आणि अंगणात तिच्यापासून पोत्याकडे राखेनं सरळ रेघ मारा. पुढचं पाऊल त्या रेघेवरच पडलं पाहिजे. हात कानाजवळून फिरून मांडीला लागूनच खाली यावा. बाहेर फाकला की चेंडू बाजूला गेलाच.

खरं काम मनगटाचं. चेंडू बोटांनी धरायचा, तळव्यात कोंबायचा नाही. कमरेजवळ सोडताना मनगटाचा झटका बसला पाहिजे. पूर्ण हात न फिरवता नुसता हा झटका रोज ३० वेळा करून घ्या. कंटाळवाणं आहे, पण फरक इथेच पडतो.

सुरुवातीच्या चुका:
- सोडताना पुढे वाकणं
- आत्तापासून कर्व्ह (बाजूला वळणारा चेंडू), राइज (वर उठल्यासारखा वाटणारा चेंडू) यांचा नाद
- खांदा दुखत असताना टाकत राहणं. दुखलं की त्या दिवशी बंद, "सहन कर" म्हणू नका.

उन्हाळ्यात सराव सकाळी सातच्या आत उरका. दहापैकी सात चेंडू पोत्यावर लागायला लागले की पाच फूट मागे न्या.