सेलोटेपचा चिकट थर आणि द्रावकाची शुद्धता

प्रश्न : आजोबांच्या जुन्या मासिकांची फाटलेली पाने कोणीतरी सेलोटेपने जोडली होती. टेप गळून पडली, पण पिवळा चिकट थर तसाच आहे. घरात टर्पेंटाइन, थिनर आणि लायटरमध्ये भरायचे द्रव आहे; शेजारी पेट्रोल सुचवतात. यांपैकी शुद्ध कोणते? — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : पेट्रोल कृपया वापरू नये. त्यात १ टक्क्यापर्यंत बेन्झिन असू शकते, जे कर्करोगाला कारणीभूत ठरते, आणि आता २० टक्क्यांपर्यंत मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलमुळे पानावरची शाई फुटू शकते. थिनरमध्ये टोल्यूइनबरोबर ॲसिटोनसारखे पदार्थ असतात, तेही शाईला घातक. पाइनच्या राळेपासून काढलेले टर्पेंटाइन सुमारे १५५ अंशांना उकळते, म्हणजे सावकाश उडते, आणि हवेत राहून स्वतःच चिकट होते. आपल्या कामाला लायटरचे द्रवच योग्य आहे. तो पेट्रोलियमचा हलका, लवकर उडून जाणारा अंश असतो.

ते शुद्ध आहे का, याला मात्र दोन अर्थ आहेत : उडून गेल्यावर मागे काही न उरणे, आणि एकाच पदार्थाचे किंवा निरुपद्रवी असणे. पहिल्याची चाचणी घरी होते : स्वच्छ काचेवर चार थेंब टाकून वाळू द्यावेत. तेलकट कडा राहिली तर ते द्रव पानाला लावू नये. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत काच गार पडून तिच्यावर धुके येते, परंतु ते हवेतल्या बाष्पाचे पाणी असते आणि काही मिनिटांत जाते, म्हणून निर्णयाची घाई करू नये. मागे काही उरले नाही, एवढेच या चाचणीने कळते. द्रव एकाच पदार्थाचे आहे किंवा निरुपद्रवी आहे, हे कळत नाही, कारण विषारी घटकही तितक्याच स्वच्छपणे उडून जातात. अशा द्रवांत आढळणाऱ्या एन-हेक्झेनची वाफ दीर्घकाळ श्वासात गेल्यास हातापायांच्या नसा दुबळ्या होतात.

ही वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. म्हणून काम गॅलरीत करावे. शेगडी आणि देवघरातील निरांजन आधीच विझवलेले असावे. पानाखाली टिपकागद ठेवून, आधी कोपऱ्यातील एखाद्या अक्षरावर शाईची परीक्षा घ्यावी, मग कापसाच्या बोळ्याने थर ओलावून बोथट सुरीने अलगद उचलावा. कागदाच्या तंतूंत मुरलेला पिवळा डाग या द्रवाने जाणार नाही. चिकटपणा गेला की तिथेच थांबावे.