दाराला डॅम्पिंग शीट लावण्याआधी
गाडीत नवे स्पीकर घेण्याआधी तिच्या दाराचा पत्रा बोटाने वाजवून पाहावा. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला, तर पहिला खर्च तिथेच करावा. स्पीकरच्या मागचा बाहेरचा पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, तेलकटपणा पूर्ण गेल्यावरच २ मिलिमीटर जाडीची डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी, वर फॉइल असलेली ब्युटाइल रबराची चिकट शीट) चिकटवावी आणि फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर दाबून फिरवावा. सगळा पत्रा मढवण्याची गरज नसते. सर्वांत जास्त थरथरणारा मधला भाग झाकला तरी बराच फरक पडतो. दाराच्या तळाची, पाणी निचरण्यासाठी ठेवलेली छिद्रे मी पहिल्या वेळी बुजवून बसलो होतो आणि पावसाळाभर प्रत्येक वळणावर दारात पाणी हिंदकळत असे. आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद करण्यापूर्वी काच खाली-वर करून ती कुठे घासत नाही ना, हे तपासावे.